वाघोबाचा वाटा

माणसं नाना कारणांनी मांसमच्छी सोडतात. कोणी गुरू करतो, कोणाला डॉक्टर बजावतो, कोणाची बायको माहेराहून गळ्यात माळ घालून येते आणि मग घरादाराचीच सुटते. वाघासाठी मटण सोडलेला माणूस मात्र मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच खोलीत येऊन पडला.

१९८२ च्या जूनची गोष्ट. मी चंद्रपूरला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. गाव माझं वरोऱ्याकडचं, म्हणजे कापसाचं आणि ज्वारीच्या भाकरीचं. आमच्या कचेरीत मुखरू नावाचा नवा चपराशी लागला. चिमूरच्या पुढं दोन नाले ओलांडले की जंगलाला चिकटून खैरी नावाचं गाव लागतं, तिथला. वय पंचविशीच्या आत, अंगानं काटक, बोलायला कमी. साहेबांनी सांगितलं म्हणून मी त्याला खोलीत घेतलं. त्यांनी सांगितलं नसतं तर घेतलं नसतं, हे आधीच सांगून टाकतो. मला कोणाबरोबर राहायला आवडत नाही.

पहिल्याच दिवशी त्याला केसरबाईच्या खानावळीत नेलं. बाहेर पाटी होती, 'शुद्ध शाकाहारी'. आत दोन लांब बाकं, आणि केसरबाई नावाची विधवा बाई, जिच्यापुढं पोलीसही हळू आवाजात भाजी मागायचे. ताटात चार पोळ्या, भाजी, वरण आणि एक वाटी भात. दुसरी वाटी लागली तर तिचे वेगळे पैसे. मुखरूनं भाताची ती वाटी दोन घासांत संपवली, पोळ्या एका बाजूला नीट रचून ठेवल्या आणि हात मांडीवर घेऊन बसला.

"काऊन गा, जेवत नाई?" केसरबाईनं विचारलं.

"जेवतो ना बाई. जेवण कधी येते?"

झाडीपट्टीतला, म्हणजे धानाच्या मुलखातला माणूस तो. त्याच्याकडं जेवण म्हणजे भात. पोळी पाहुणा आला तर, नाहीतर सणाला. चार पोळ्या खाऊन माणूस जेवला असं तिकडं कोणी मानत नाही. मी भाकरीवाला, मला भाताचं कौतुक नव्हतं, म्हणून आमची अदलाबदल ठरली. माझा भात त्याला, त्याच्या दोन पोळ्या मला. केसरबाईनं आठ दिवस डोळे वटारून पाहिलं आणि मग सोडून दिलं. तरी दोन वाट्यांत त्याचं काय होणार? चपराशाच्या पगारात रोज वरचा भात परवडत नव्हता. घरी आईला पाठवायचे असत. तो तांब्याभर पाणी पिऊन उठायचा.

त्याचे हाल पाहून मला दया आली असं मी म्हणणार नाही. चीड आली. पलीकडच्या गल्लीत एक खानावळ होती. तिथं भात हवा तेवढा, आणि वर सुक्या मासोळ्यांचा रस्सा किंवा अंड्याची भाजी, आणि सगळं केसरबाईपेक्षा स्वस्त. गावाकडं भाजी फुकट असते. पावसाळ्यात बांबूचे कोंब, तरोटा, अळंबी, काय हवं ते जंगलातून आणा. शहरात मात्र कांद्याची पातसुद्धा विकत. कमी पैशात पोट भरायचं तर चंद्रपुरात शाकाहारी राहणं हा मूर्खपणा होता, आणि मी त्याला तसं तोंडावर सांगितलं.

"जमत नाई जी श्रीहरीभाऊ," तो म्हणाला. "मी वाघोबाले बोललो हावो."

मग त्यानं सगळं सांगितलं. खैरीच्या शिवेवर वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड आहे. बाप लहानपणीच गेला, घरी आई एकटी, ठमाबाई. ती दर उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात जायची. मोह वेचताना माणूस ओणवा होतो, दुरून जनावरासारखा दिसतो. आदल्या वर्षी शेजारच्या गावची एक बाई अशीच वेचता वेचता वाघानं उचलली होती. मुखरूनं आईला हातापाया पडून सांगितलं की नको जाऊ. ठमाबाई म्हणाली, मोह काय आपल्या अंगणात येऊन पडते? नोकरीवर निघायच्या दिवशी तो एकटाच शिवेवर गेला आणि दगडाला म्हणाला, "मास, मच्छी, अंडं, हा सारा तुहा वाटा हाये. मी तो आजपासून सोडतो. तू माही माय सोड."

आईला त्यानं हे सांगितलं नव्हतं.

मी इतका हसलो की शेजारच्या खोलीतला माणूस डोकावून गेला. वाघाला शाकाहाराचा नवस! "अरे, तू इथं मटण खाल्लं तर खैरीच्या वाघाला कळणार कसं?"

"त्याले नाई कळणार," मुखरू म्हणाला. "पण मले कळन ना."

थट्टा अशी माझ्यावरच उलटली की माझा स्वभाव बिघडतो. दुसऱ्या दिवशी जेवताना मी सहज म्हणून सोडून दिलं, "मुखरू, वाघ गवतही खातो बरं का. मग तू पालेभाजी कशी खातोस? तोही त्याचाच वाटा."

मी थट्टा केली होती. त्यानं हातातली मेथी ताटात परत ठेवली.

त्याला वाटलं असावं की भाऊ शिकलेला आहे, पण जंगलातलं याला काय कळतं. म्हणून त्यानं चौकशी केली. आमच्या कचेरीत महिन्यातून एकदा लालसू नावाचा जंगलातला चौकीदार टपाल घेऊन यायचा. मुखरूनं त्याला गाठलं. लालसू सरळ माणूस. "हाव, खाते ना," तो म्हणाला. "पोट बिघडलं का वाघ गवत खाते. म्या पाह्यलं हाये."

संपलं. मेथी, पालक, चवळी, आंबाडी, सगळं बंद. पालेभाज्या तेवढ्या स्वस्त असल्यानं केसरबाईकडं आठवड्यातून चार दिवस त्याच असत. वरणावर कोथिंबीर असायची, तिला आमच्याकडं सांबार म्हणतात. मुखरू बोटानं सांबाराचं एक एक पान वेचून ताटाच्या कडेला लावायचा. पाहणाऱ्याचं जेवण थंड व्हायचं.

लालसूला या चौकशीचा भलताच उत्साह आला. पुढच्या महिन्यात त्यानं आपणहून बातमी आणली. जंगलात खारट मातीची जागा असते, तिथं चितळं माती चाटायला येतात, आणि वाघही येतो. चितळासाठीच येतो म्हणा, पण आल्यावर मातीला जीभ लावतो. मुखरूनं तीन वेळा खोदून विचारलं, नक्की लावते का? लालसू म्हणाला, नक्की. मुखरूनं मीठ सोडलं.

केसरबाईला वाटलं हा आपल्या हातच्या चवीचा अपमान आहे. ती पळी घेऊन बाहेर आली. "पंधरा वर्षं झाले खानावळ चालवून राह्यली मी. माया हातचं मीठ तुले काऊन चालत नाई?" मुखरूनं हात जोडून सगळं सांगितलं. बाई पळी धरून उभी राहिली. मग आत गेली आणि त्या दिवसापासून त्याच्यासाठी बिनमिठाचं वरण वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजू लागलं. वर एक भाताची वाटी जास्त, तिचे पैसे नाहीत. पंधरा वर्षांत केसरबाईनं कोणाला फुकट लिंबाची फोड दिलेली कोणी पाहिली नव्हती.

पण त्यामुळं सगळ्या खानावळीला ही गोष्ट कळली. लोक जेवायचं सोडून वाघ काय काय खातो यावर वाद घालू लागले. एक शाळामास्तर म्हणाले, वाघ भूक लागली तर खेकडे खातो. ते तर आधीच सुटले होते. एक ट्रकवाला म्हणाला, त्यानं वाघाला टरबूज फोडताना पाहिलंय. त्याला विचारलं कुठं, तर म्हणे सर्कशीत. सर्कशीतला वाघ धरायचा की नाही यावर दोन दिवस गेले. शेवटी मुखरूनंच निकाल दिला की तो पगारी वाघ आहे, त्याचं धरायचं नाही. मग कोणी तरी म्हणालं, वाघ पाणी पितो! मुखरूचा चेहरा उतरला. सकाळपासून दुपारपर्यंत तो पाण्याशिवाय कचेरीत फायली इकडून तिकडं नेत राहिला. तीन वाजता माठाजवळ गेला आणि म्हणाला, "पाणी साऱ्याइचं हाये. ते वाट्यात धरता येत नाई." आणि दोन गिलास प्याला. मला इतकं हायसं वाटलं की मीच चार प्यालो.

हसण्याची गोष्ट होती, पण दिवाळीपर्यंत मुखरूची गालफडं बसली. बटाटा, वांगं, बिनमिठाचं वरण आणि मोजका भात, एवढ्यावर दिवसभर जिने चढणारा माणूस कसा टिकेल? साहेबांनी मला बोलावून विचारलं, त्याला क्षय तर नाही ना. आता मात्र मी घाबरलो. त्याला बसवून खरं सांगितलं. "हे बघ, ते गवताचं मी थट्टेत बोललो होतो. वाघ गवत खातो ते औषध म्हणून. जेवण म्हणून नाही."

"औषध बी त्याचंच ना भाऊ," तो म्हणाला.

मग संतापाच्या भरात मी एक काम केलं. ठमाबाईला पोस्टकार्ड लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण पोस्टमन वाचून दाखवायचा. नवसाचं लिहिलं नाही, आईला ते कळू द्यायचं नाही अशी शपथ मुखरूनं घालून ठेवली होती. लिहिलं इतकंच की तुमचा मुलगा इथं उपाशी मरतो आहे, शहरात भात वाटीनं मिळतो, सहा महिन्यांत तो एकदाही पोटभर जेवलेला मी पाहिलेला नाही, येऊन पाहा. वाक्य जरा तिखट झालं, पण माझं हस्ताक्षर चांगलं आहे.

उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षीचा मोह सुरू झाला तसा मुखरू पार वेडापिसा झाला. रोज कचेरी सुटली की बसस्टँडवर जायचा, चिमूरच्या गाडीच्या कंडक्टरला विचारायचा, "खैरीकडलं काई?" कंडक्टर म्हणायचा, काई नाई. तेवढं ऐकून तो परत यायचा. असे चाळीस दिवस. मीही त्याच्याबरोबर जायला लागलो होतो. पाय मोकळे करायला.

मोह संपला आणि एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, ऐन उन्हात, ठमाबाई स्वतःच दारात उभी राहिली. काळीभोर, ठणठणीत, डोक्यावर गाठोडं. मुखरू तिच्या पायावर पडला तो उठेना. तिनं त्याला उठवलं, पाठीवरून हात फिरवला, हाडं चाचपली आणि माझ्याकडं पाहिलं. मी लगेच स्टोव्ह पेटवून दिला.

घरच्या तांदळाचा भात शिजला तेव्हा खोलीभर वास पसरला. वरण, वांग्याची भाजी, आणि गाठोड्यातून आणलेली सुकवलेली तरोट्याची भाजी. मुखरू म्हणाला, माय, पाला नको, मीठ बी नको. काऊन? मग त्याला सांगावंच लागलं. शिवेवरचा नवस, वाटा, गवत, खारी माती, सगळं. गवतापाशी आल्यावर तो माझ्याकडं न पाहता म्हणाला, "असं म्हणतेत."

ठमाबाई ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज कडक झाला. "मास सोडलं ते सोडलं, शब्द देला तर पाळ. पण वाघोबा मिठासाठी दुकानात जाते का रे? भाजी घ्याले बाजारात येते? तो काय एवढा हलका देव हाये? खा!"

आठ महिन्यांनी त्यानं मीठ खाल्लं. मी शपथेवर सांगतो, अशा तन्मयतेनं जेवणारा माणूस मी पाहिला नाही. ती वाढत गेली, तो खात गेला. शेवटी ताटात एक घास उरला. तो त्यानं हातात घेतला.

"पोट भरलं का रे?" तिनं विचारलं.

"हाव माय. हा शेवटला घास."

"नक्की? पोटभर झालं?"

"झालं ना."

ठमाबाईनं पदर सावरला आणि खिडकीकडं तोंड करून हात जोडले. "बरं झालं बापा. आता माही पाळी."

मुखरूचा हात थांबला. "कशाची पाळी?"

"कार्ड आलं होतं ना. त्या दिवशीच गेली मी शिवेवर. म्हटलं, वाघोबा, माह्या लेकराले शहरात एक डाव पोटभर जेवाले भेटू दे. मंग मले खुशाल ने. तो जेवला का पुढच्या मोहाले येतो मी, तयार राह्यजो." बाजारातून काय आणायचं ते सांगावं तशा सुरात ती हे बोलली.

ते कार्ड माझं होतं. चांगल्या हस्ताक्षरातलं.

मुखरूनं हातातला घास ताटात ठेवला. "नाई भरलं," तो म्हणाला.

"आता तं म्हटलं भरलं!"

"एका घासाची जागा हाये. भरलं नाई."

"मंग खा ना तो घास!"

"नाई खात."

मग जे झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. साठीची बाई घास हातात घेऊन उठली आणि पंचविशीचा सरकारी नोकर तोंडावर हात दाबून खोलीभर पळू लागला. माझी खाट, त्याची पेटी, पाण्याचा माठ, यांच्याभोवती दोन फेऱ्या झाल्या. "तोंड उघड!" "नाई!" "माय हावो मी तुही!" "म्हणूनच नाई!" ती रडत होती, तोही रडत होता, आणि मी माठ धरून उभा होतो, फुटू नये म्हणून.

ती दमून खाली बसली. मग एकदम माझ्याकडं वळली. "तुमी सांगा भाऊ. तुमी सरकारी माणूस, तुमीच कार्ड लिहिलं होतं. वाघोबाले साक्षी ठेवून सांगा. याचं पोट भरलं का नाई भरलं?"

वाघोबावर माझा विश्वास नव्हता. अजूनही नाही. तो पाच जणांचा भात जेवला होता, मी मोजत होतो. तरी मी खिडकीकडं तोंड केलं आणि म्हणालो, "नाही भरलं. एक घास कमी आहे. मी साक्ष आहे."

तो घास केसरबाईच्या गाईला घातला.

त्यानंतर मुखरू मीठ आणि पालेभाजी खाऊ लागला, अंगानंही भरला. मांसमच्छी मात्र नाही. आणि ताटात रोज एक घास ठेवायचा. लग्नाच्या पंगतीत असो, कचेरीच्या चहापोह्यांत असो, एक घास कमी. वाढणारे आग्रह करायचे, मी त्यांच्यावर खेकसायचो. केसरबाईनं तर खानावळीत जाहीर करून टाकलं होतं की मुखरूला जो आग्रह करील त्याला उद्यापासून जेवण नाही. दर महिन्याला खैरीहून कार्ड यायचं, पोस्टमनच्या अक्षरात: 'पोट भरलं का?' मी उत्तर लिहायचो: 'एक घास कमी.' दुसरं काही लिहायची गरज नसायची. ठमाबाई दर उन्हाळ्यात मोहाला जायची आणि चिडून परत यायची.

अशी पाच वर्षं गेली. १९८८ च्या पौषात ती वारली. वाघानं नाही, तापानं. आपल्या घरात, आपल्या बाजेवर, मुखरूच्या मांडीवर डोकं ठेवून.

तेरवीला मी खैरीला गेलो. जाताना शिवेवरचा दगड लागला, मी चप्पल काढली. पाय पोळले नाहीत, थंडी होती. अंगणात पळसाच्या पत्रावळी मांडल्या होत्या. गावातली म्हातारी माणसं मुखरूला म्हणत होती, आता तू मोकळा झाला गड्या, मासोळी खाले हरकत नाई. तो म्हणाला, "त्यानं तिले सोडली. मी कसा मोडू?"

भात वाढायला मी उभा होतो. मुखरू जेवत होता, खाली मान घालून. शेवटचा घास राहिला तसा त्याचा हात सवयीनं थांबला. बराच वेळ थांबला. मग त्यानं तो घास उचलला आणि खाल्ला. पत्रावळ माझ्यापुढं सरकवून म्हणाला, "श्रीहरीभाऊ, वाढा."

मी वाढलं. त्यानं संपवलं. "अजून." मी वाढलं. पंगत उठली, लोकांनी हात धुतले, तरी तो जेवतच होता, गालावरून पाणी वाहत भातात पडत होतं आणि तो खात होता, आणि मी टोपलं घेऊन त्याच्यासमोर उकिडवा बसलो होतो. टोपल्याचा तळ दिसायला लागला तेव्हा त्यानं पत्रावळ पालथी केली.

"भरलं," तो म्हणाला.

कोणी विचारलं नव्हतं.